रबरातलं सोनं आणि बोरमाळेतली लाख

गेल्या दिवाळीच्या आधी आत्यानं बोरमाळ मोडायचं ठरवलं. नातीचं लग्न होतं, आणि आत्याच्या भाषेत सांगायचं तर "पेटीत ठेवून काय तिला पिल्लं होणारेत व्हय?" त्यामुळे घरात कुणी फार वाद घातला नाही आणि मी सुट्टी टाकून तिच्यासोबत कोल्हापूरच्या गुजरीत गेले. गुजरी म्हणजे अंबाबाईच्या देवळाजवळची सराफांची पेठ. खाली काचेची दुकानं, एसी, टीव्हीवर आजचा भाव, आणि त्याच इमारतींच्या माडीवर, बोळात, अंधाऱ्या खोल्यांमध्ये मान खाली घालून बसलेले कारागीर, त्यातले पुष्कळसे आता बंगाली.

ही बोरमाळ आत्याच्या सासूची. घरात कायम "साडेतीन तोळ्यांची" म्हणूनच तिचा उल्लेख व्हायचा, जसं काही ते तिचं आडनावच. काट्यावर ठेवली तर वजन भरलंही तेवढंच. मग दुकानातल्या सराफ काकांनी एक मणी नखानं टिचक्या मारून कानाशी धरला आणि म्हणाले, "आजी, आत लाख हाय की ओ." आत्या म्हणाली, "असणारच, बोरमाळ म्हटल्यावर." पण किती, ते तिनंही कधी बघितलं नव्हतं, आणि बघणार तरी कसं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बोरमाळेचा मणी भरीव नसतो. सोन्याचा पातळ पत्रा घेऊन बोराच्या आकाराची पोकळ टरफलं करायची, ती झाळून जोडायची आणि आत लाख भरायची. पत्रा इतका पातळ की आत काही नसेल तर मुलानं दातानं चावला तरी चेपेल, लाखेमुळे तो टिकतो, गळ्यात भरीव वाटतो. तसेच लाखेचे गोठ, आत लाख आणि वर सोनं. यात फसवाफसवी काही नाही, सगळ्यांना माहीत असतं. फक्त रोज आठवत नाही.

तर आमच्यासमोर बत्ती पेटवली. एकेक मणी चिमट्यात धरून तापवला की त्याच्या भोकातून काळी-तपकिरी लाख उकळत बाहेर यायची, बुडबुडे फुटायचे, आणि वास यायचा तो थेट जुन्या पोस्टातला, पार्सलावर लाखेचे ठसे मारायचे ना, तो. मी लहानपणी ज्या बोरमाळेकडे टक लावून बघायचे तिच्या पोटातून पोस्टाचा वास यावा हे मला जरा विचित्रच वाटलं. शेवटी तबकात उरली ती शेंगांच्या टरफलांसारखी चिमटलेली, काजळलेली सोन्याची सालं. ती सगळी मुशीत घालून आटवली आणि जो छोटासा गोळा निघाला तो तोळ्यापेक्षा थोडा जास्त होता. झाळेमुळे, म्हणजे सांधे जोडायला वापरलेल्या कमी कसाच्या धातूमुळे, त्याचा कसही कमी लागला. साडेतीनचे सव्वा. आत्या मिनिटभर गप्प बसली आणि मग म्हणाली, "बरं, च्या तरी सांगा आता."

एक मणी मात्र मी आधीच बाजूला काढून ठेवला होता. का ठेवला ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

आता सांगता येतं, कारण त्याच वर्षी मार्चमध्ये मी म्युनिकला मावसबहिणीकडे गेले होते. तिचं घर, तिची मुलं, तिथली थंडी, ते जाऊ दे. मार्चमध्ये तिथे एक मोठी हस्तव्यवसायांची जत्रा भरते, म्हणजे छप्परवाले, शेगड्यावाले, किचनवाले, टाइल्सवाले, सगळे आपापले स्टॉल मांडून बसतात, आणि त्या सगळ्या गोंगाटात एका कोपऱ्यात जगभरातून निवडलेल्या समकालीन दागिन्यांचं प्रदर्शन असतं. नाव नुसतं 'श्मुक', जर्मन भाषेत दागिना. १९५९ पासून चालू आहे ते. त्या आठवड्यात गावभर गॅलऱ्यांमध्ये, चक्क दुकानांच्या मागच्या खोल्यांमध्येही लोक आपले दागिने मांडतात. मी गेले होते टाइल्स बघायला म्हणून बहिणीच्या नवऱ्याबरोबर, आणि अडकले दागिन्यांत. प्लॅस्टिकचे, कागदाचे, लोखंडाचे, केसांचे, काही तर मला दागिने वाटलेच नाहीत, एखाद्याचा खिसा उलटा केल्यावर जे पडेल ते पिनेला अडकवल्यासारखे. खरं सांगते, निम्म्याहून जास्त गोष्टींवर मी मनात "हे काय?" एवढंच म्हटलं.

मग रविवारी पिनाकोथेक डेर मोडेर्ने या म्युझियममध्ये गेलो, रविवारी तिकीट १ युरो असतं हे बहिणीला पाठ. तिथे तळघरात डॅनर रोटुंडा नावाचं एक गोल दालन आहे, फक्त आधुनिक स्टुडिओ दागिन्यांचं, म्हणजे कलाकारांनी कलाकृती म्हणून केलेल्या दागिन्यांचं. वर आल्यावर पुस्तकांच्या दुकानात एक कॅटलॉग चाळताना तो फोटो दिसला. काळं रबरी कडं. नळीचा तुकडा गोल वळवून जोडल्यासारखं, एकदम साधं, सायकलच्या दुकानात सापडेल असं. फक्त एका जागी थोडा फुगवटा, अजगरानं उंदीर गिळल्यावर दिसतो तसा. करणारा ओटो क्युन्झली, जन्म झुरिकचा, १९४८ चा, पुढे म्युनिकच्या कला अकादमीत बरीच वर्षं दागिन्यांच्या वर्गाचा प्रोफेसर. साल १९८०. नाव, 'सोनं आंधळं करतं'. त्या फुगवट्यात सोन्याची एक गोळी आहे.

आहे असं तो म्हणतो. बघायची असेल तर कडं कापावं लागेल, आणि कापलं की संपलं, मग तुमच्याकडे एक रबराचा तुकडा आणि एक गोळी उरते, दागिना नाही. म्हणजे घेणाऱ्यानं सोन्याचे पैसे मोजायचे, अंगावर रबर मिरवायचं आणि आत सोनं आहे यावर आयुष्यभर विश्वास ठेवायचा. तेव्हा मी हसले होते, ठीक आहे, हुशारी आहे, म्हणून पान उलटलं होतं. पण गुजरीत मण्यातून लाख उकळून बाहेर येताना बघितली आणि ते कडं धाडकन आठवलं. त्या माणसानं रबरात सोनं लपवलं आणि केवढी चर्चा झाली, आणि आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सोन्यात लाख लपवलेली बोरमाळ घालून बायका हळदीकुंकवाला जातायत, कुणी त्याला कॉन्सेप्ट म्हटलं नाही!

गंमत सोडली तरी एक प्रश्न मात्र मला तेव्हापासून सोडत नाही. त्या बोरमाळेत नक्की किमती काय होतं? सव्वा तोळा सोनं तर होतंच, ते आत्याला मिळालं, भावाप्रमाणे मिळालं, काकांनी एक पैसा इकडचा तिकडे केला नाही. पण सव्वा तोळ्यात साडेतीन तोळ्यांची शान उभी करणारा जो कुणी सोनार होता, ज्यानं कागदासारखा पत्रा काढला, प्रत्येक मणी सारखा वळवला, सांधा कुठे आहे ते सत्तर वर्षांत कुणाला दिसू दिलं नाही, त्याच्या कामाची किंमत मोडीत शून्य. घेताना घडणावळ वेगळी द्यायची आणि मोडताना ती सोडून द्यायची, हा नियम आपल्याला इतका अंगवळणी पडलाय की त्यात काही चुकीचं आहे असं वाटतही नाही. आता हॉलमार्क सक्तीचा झालाय, दागिन्यावर बीआयएसची खूण असते, २२के९१६ लिहिलेलं असतं, सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, शुद्धता कुणी तपासली ते शोधता येतं. हाताचं नाव मात्र त्यात कुठेही नाही.

याच क्युन्झलीचा आणखी एक दागिना आहे, १९८५-८६ मधला, नुसती 'साखळी'. ४८ वापरलेल्या लग्नाच्या अंगठ्या एकमेकींत अडकवून केलेली गळ्यातली साखळी. १८८१ पासून १९८१ पर्यंतच्या अंगठ्या, म्हणजे शंभर वर्षांतली लग्नं. बघायला अगदी साधी सोन्याची साखळी, कुणीही घालेल अशी, पण कळल्यावर कोण घालेल? मी विचार करून बघितला, ४८ बायकांच्या मंगळसूत्रांच्या वाट्या ओवून कुणी मला माळ करून दिली तर. नाही घालणार. घरातही नाही ठेवणार बहुतेक. आणि तरी जुन्या मंगळसूत्राच्या वाट्या आपण सर्रास मोडीत देतोच की, त्याच वाट्या कुणाच्या तरी अंगठीत, कुणाच्या बाळाच्या वाळ्यात जाऊन बसतात आणि आपल्याला काही वाटत नाही, कारण मध्ये मूस येते. सोनं एकदा आटलं की त्याला ना माहेर ना सासर. क्युन्झलीनं फक्त आटवायचं नाकारलं, बाकी काहीच केलं नाही, आणि तेवढ्यानंच अंगावर काटा येतो.

हे मी आईला सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या रबराची मोड किती येते?"

हसू नका. मीही आधी हसले होते, पण हा प्रश्न अडाणी नाहीये. बाबांच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी आजीच्या पाटल्या गेल्या होत्या, दोन्ही, एकाच दिवशी. आजीच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हतं, बँकेत खातं नव्हतं, तिच्या स्वतःच्या अशा त्या दोन पाटल्याच. अशा बाईला जाऊन "सोनं आंधळं करतं" म्हणणं सोपं नाही. गरज पडली तर रात्रीत गहाण टाकता येणं हासुद्धा दागिन्याचा एक गुण आहे, आणि तो झुरिक-म्युनिकमधल्या माणसाला दिसायचं कारण नाही. म्हणून स्टुडिओ दागिन्यांबद्दल लिहिणारे लोक वजनाला नावं ठेवतात ना, तेव्हा मी थोडी आईच्या बाजूला सरकते.

थोडीच पण. कारण दुसऱ्या बाजूलाही माणसं आहेत. नेदरलँड्सचा दागिने करणारा गायस बाकर घ्या. १९६७ मध्ये त्यानं आणि त्याची बायको एमी व्हान लीर्सम यांनी ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये ॲल्युमिनियमच्या मोठमोठ्या कॉलरी दाखवल्या, चुलीच्या धुराड्याच्या पाइपसारख्या. पुढे १९७३ मध्ये तो याहून पुढे गेला, दंडावर, कमरेवर सोन्याची तार घट्ट आवळून बांधायची, मग काढून टाकायची, आणि कातडीवर जो वळ उमटतो तोच दागिना. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा शुद्ध चावटपणा वाटला. मग आठवलं, ज्या दिवशी पाटल्या गेल्या त्यानंतर कितीतरी दिवस आजीच्या मनगटांवर दोन फिकट पट्टे होते, आई सांगते. ती म्हणे पदरानं हात झाकून घ्यायची.

मला या सगळ्यांत जास्त जवळचा वाटतो तो आर्ट स्मिथ. जन्म १९१७ चा, क्यूबामधला, आईवडील जमैकाचे, वाढला ब्रुकलिनमध्ये. १९४६ मध्ये त्यानं न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये कॉर्नेलिया स्ट्रीटवर दागिन्यांचं दुकान काढलं, पण कृष्णवर्णीय माणसाचं दुकान तिथल्या काही जणांना खपलं नाही, त्रास झाला, आणि त्याला ते वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर हलवावं लागलं. तो बहुतेक तांबं, पितळ आणि चांदी वापरायचा, पण त्याचे गळ्यातले दागिने फोटोत जरी बघितले तरी कळतं की हे वजनावर चाललेलं काम नाही. खांद्यावरून उतरून छातीवर वळण घेणाऱ्या त्या पट्ट्या अंगावर चढल्याशिवाय अर्धवटच वाटतात, टेबलावर ठेवलं तर तांब्याचा वाकडा तुकडा. आणि दागिन्यावर त्याच्या नावाचा ठसा असायचा. तांबं आहे, तरी नाव आहे. आपल्याकडे २२ कॅरेट आहे आणि नाव नाही. (अलेक्झांडर काल्डर, तो अधांतरी तरंगणाऱ्या शिल्पांचा, त्यानंही आयुष्यभरात जवळजवळ १८०० दागिने केले, तार ठोकून, वळवून, जवळपास झाळ न वापरता. पण तो आधीच मोठा शिल्पकार, त्याला काय कुणीही घरात घेईल.)

तांब्यावरून माझ्या मैत्रिणीबद्दल सांगायलाच हवं. ती पुण्यात दागिने करते, स्वतः, घरातल्या बाल्कनीत टेबल टाकून. रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाऊन जुने बंब, घंगाळी, फुटके हंडे किलोवर विकत घेते आणि कापून त्याचे कानातले, गळ्यातले करते. बंबाच्या पत्र्यावर आत पाण्याचा क्षार बसलेला असतो, बाहेर धुरानं काळं, पोचे आलेले, कुठे कल्हईचा पांढरा डाग, ती यातलं काही काही तसंच ठेवते, घासून लख्ख करत नाही. मी तिच्या स्टॉलवर दोन दिवस बसले होते मदतीला. बायका येतात, हातात घेतात, कानाला लावून आरशात बघतात, आवडलेलं स्पष्ट दिसतं चेहऱ्यावर, मग विचारतात, "कशाचं आहे?" तांब्याचं म्हटलं की हात आपोआप खाली येतो. एक बाई तर म्हणाल्या, "आमच्याकडे माळ्यावर अख्खा बंब आहे, तो आणून देऊ का?" मैत्रीण म्हणाली, द्या ना, मग तुम्हाला त्याचंच करून देते. त्या बाई जरा गोंधळल्या. आणि खरंच महिन्याभरानं बंब घेऊन आल्या, रिक्षात घालून. सासूबाईंच्या माहेरचा होता म्हणे. आता त्यांच्या तीन सुना-मुलींच्या कानात तो बंब आहे, आणि घडणावळ त्यांनी न कुरकुरता दिली, कारण धातू तर त्यांचाच होता, दुसरं द्यायला होतंच काय.

तिच्याच नादानं मी एका वर्कशॉपला जाऊन बसले, दोन दिवसांचं, चांदीची अंगठी करायची. शिकवणारे दादा मिदनापूरचे, वीस वर्षं पुण्यात, मराठी आपल्यापेक्षा चांगलं शिव्यांसकट. सुरुवात करवतीनं. करवत म्हणजे केसाएवढं पातं, जरा हात तिरका झाला की टक् करून तुटतं, माझी पहिल्या तासात सात तुटली, दादा न बोलता आठवं पुढे ठेवायचे. मग तार बोटाच्या मापानं कापली, कानशीनं टोकं सपाट केली, वळवून एकमेकांना टेकवली. दादांनी ती खिडकीकडे धरली, सांध्यातून उजेडाची रेघ दिसत होती. "परत." परत कानस. परत खिडकी. चौथ्या वेळी म्हणाले, "झाळ खड्डा भरत नाही हां, आधी टोकाला टोक बसलं पाहिजे."

मग टाकणखाराचं पाणी लावलं, झाळेचा भाताच्या कणीएवढा तुकडा सांध्यावर ठेवला आणि बत्ती हातात आली. इथे सगळे नवशिके एकच चूक करतात, ज्योत थेट झाळेवर धरतात. झाळ तापवायची नसते, अख्खी अंगठी तापवायची, मग चांदीच झाळेला ओढून घेते, जिकडे जास्त ऊन तिकडे ती धावते. टाकणखार आधी पांढरा फुलतो, मग काचेसारखा बसतो, चांदी मंद गुलाबी होते, आणि एका क्षणी, एका क्षणीच, झाळ चमकून सांध्यात शिरते, पारा पळाल्यासारखी. तिथे ज्योत काढायची. मी काढली नाही. मी बघत बसले, इतकं छान दिसत होतं ते. शुद्ध चांदी ९६१ अंशांना वितळते, आमच्या ९२.५ च्या चांदीला तेवढंही लागत नाही, आणि डोळ्यांसमोर माझी अंगठी एका बाजूनं खचली, चकाकली आणि चिंचोक्याएवढा गोळा होऊन विटेवर बसली.

दादा म्हणाले, "वजन तेवढंच आहे, काही नुकसान नाही." त्यांनी धीर द्यायला म्हटलं, पण मला गुजरीतल्या मुशीतला गोळाच दिसला. चार तास, सात पाती, चार वेळा खिडकी, सगळं गेलं, आणि काट्यावर काहीच गेलेलं नाही.

दुसरी अंगठी जमली. वेडीवाकडी आहे, सांधा डोळे मिटून बोट फिरवलं तरी लागतो. मी ती घालते रोज. ऑफिसात कुणीतरी विचारलं, चांदी कितीची पडली, मी खरा आकडा सांगितला तर समोरचा म्हणाला, मग तर फुकटच की. मी वर्कशॉपची फी सांगितली नाही.

राहता राहिला तो मणी. मैत्रीण मागे लागली आहे की दे, मी याला काहीतरी करते, बंबाच्या तांब्यात बसवते, एखादा अख्खा गळ्यातला करते, हा एक मणी मधे. कदाचित देईनही. सध्या तो माझ्या टेबलाच्या खणात स्टेपलरच्या पिनांच्या डबीत आहे. सत्तरेक वर्षांत आतली लाख सुकून सुटी झाली असावी, कानाशी धरून हलवला की खुळखुळतो, अगदी हळू. एका टोकाला बारीकसा पोचा आहे, तिथे कुणीतरी लहान मूल चावलेलं असावं, आत्या म्हणते आमचे बाबाच.

आत्याचा फोन आला की ती अजून विचारते, "हाय न्हवं गं तो मणी?" मी म्हणते, आहे. मग दोन मिनिटं नातीचं, गुडघ्यांचं, पावसाचं झालं की ठेवता ठेवता, "आणि आज भाव काय म्हणतोय?"